डावखुरे गोलंदाज बाळू पालवणकर



या वेळी भित्तिपत्रकात थोरांची ओळख हे सदर लिहायची पाळी माझी आहे. आतापर्यंत सगळ्यांनी राजे, संत आणि पुढारी यांच्यावर लिहिलं. मी एका क्रिकेट खेळाडूवर लिहितो आहे. कारण मी डावखुरा आहे आणि तेही डावखुरे होते. गुरुजींनी वर्गात त्यांची गोष्ट सांगितली तेव्हापासून ते माझे आवडते खेळाडू आहेत.

आधी एक अवघड प्रश्न. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला होता. त्या दौऱ्यात आपल्या एका गोलंदाजाने ११४ बळी घेतले. तो कोण? हा प्रश्न मी वर्गात विचारला तर कोणी बुमराह म्हटलं आणि कोणी कपिलदेव म्हटलं. तेव्हा तर त्यांचा जन्मही झाला नव्हता. बरोबर उत्तर आहे बाळू पालवणकर. आता दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. एवढा मोठा गोलंदाज असून ते आपल्या संघाचे कर्णधार का झाले नाहीत? याचं उत्तर एका ओळीत येत नाही. म्हणून त्यांचं चरित्र सांगतो.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. धारवाड आता कर्नाटक राज्यात आहे. त्यांचं घराणं मूळचं कोकणातलं. पालवण गावावरून त्यांचं आडनाव पालवणकर पडलं. त्यांचा जन्म चर्मकार समाजात झाला. त्या काळी या समाजाला लोक अस्पृश्य मानत. म्हणजे त्यांना शिवायचं नाही, त्यांच्या हातचं पाणी प्यायचं नाही, त्यांना देवळात येऊ द्यायचं नाही. बाळूंचे वडील फौजेत शिपाई होते. पुढे हे कुटुंब पुण्याला राहत होतं. तिथे गोरे साहेब क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

घरी गरिबी होती म्हणून बाळूंनी लहानपणीच काम धरलं. पुण्यात पारशी लोकांचा एक क्रिकेट क्लब होता. तिथे मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा हे त्यांचं काम. पगार महिन्याला ३ रुपये. मग १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले. तिथे ४ रुपये मिळू लागले. तिथे खेळपट्टी तयार करायची, जाळी लावायची आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. दिवसभर नुसते चेंडू टाकायचे, पण बॅट हातात घ्यायची नाही. फलंदाजी फक्त साहेबांनी करायची असा तिथला रिवाज होता.

तिथे ग्रेग नावाचा एक साहेब मोठा फलंदाज होता. असं सांगतात की बाळूंनी त्याला सरावात बाद केलं की तो दर वेळी आठ आणे बक्षीस द्यायचा. आठ आणे म्हणजे किती ते मला ठाऊक नव्हतं. आबाजींनी सांगितलं की सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणून आठ आणे म्हणजे अर्धा रुपया. मग मी हिशोब केला. ग्रेग साहेब आठ वेळा बाद झाला की बाळूंचा आणखी एका महिन्याचा पगार निघाला! असे रोज शेकडो चेंडू टाकून टाकून बाळूंचा हात पक्का झाला. ते डाव्या हाताने हळू चेंडू टाकत. पण चेंडू टप्पा पडला की कोणीकडे वळेल ते फलंदाजाला समजत नसे.

त्याच वेळी पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचं होतं. बाळूंसारखा गोलंदाज संघात असला तर हरवता येईल हे सगळ्यांना दिसत होतं. पण अस्पृश्य मुलाला संघात घ्यायचं की नाही यावर भांडणं झाली. काही म्हणत घ्यावं, काही म्हणत घेऊ नये. शेवटी त्यांना घेतलं. मैदानात तर चेंडू एकच असतो. बाळूंनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी हातात घेतला. त्याला विटाळ झाला नाही.

पण चहाची सुट्टी झाली की सगळं बदलायचं. बाकीचे खेळाडू आत बसून कपबशीतून चहा पीत. बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. पिऊन झालं की ते भांडं फेकून देत. जेवायला त्यांचं ताट वेगळं आणि जागाही वेगळी. हात-तोंड धुवायला पाणी ओतायचं तर तेही त्यांच्याच समाजाच्या माणसाने ओतायचं. मग सुट्टी संपली की पुन्हा तोच चेंडू सगळ्यांच्या हातात!

हे वाचून मी आबाजींना विचारलं की असं खरंच होत असे का. आबाजींनी सांगितलं की त्यांच्या लहानपणीसुद्धा एका गावात चहाच्या टपरीवर काही लोकांच्या कपबश्या वेगळ्या ठेवत आणि त्या ज्यांनी त्यांनी धुवून ठेवायच्या. कोणाच्या कपबश्या ते त्यांनी सांगितलं नाही. नंतर ते लय वेळ गप्प बसले. मी पण मग जास्त विचारलं नाही. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही सगळे पोट्टे-पोट्टी एका ओळीत बसून खिचडी खातो. ज्याची आधी संपते तो आधी मैदानात पळतो. एवढाच फरक असतो.

बाळूंच्या गोलंदाजीने हिंदू क्लबाने गोऱ्यांना हरवलं. तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. त्यांनी त्या खेळाडूंना समजावलं की ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर तुम्हाला खातापितासुद्धा आलं पाहिजे.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला गेले. तिथे त्यांनी रेल्वेत नोकरी केली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्या वेळी मुंबईत धर्मावरून संघ असत. युरोपियनांचा एक, पारशांचा एक, हिंदूंचा एक आणि पुढे मुसलमानांचाही एक. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन असा मोठा सामना झाला. त्याचा धावफलक मी इथे देतो. हिंदू २४२ आणि १६०. युरोपियन १९१ आणि १०२. बेरीज-वजाबाकी करून पाहा, हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. त्या संघात बाळू होते आणि शिवरामही होते. तेव्हा देशावर इंग्रजांचं राज्य होतं. त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून लोकांना फार आनंद झाला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली संघ इंग्लंडला गेला. महाराज फार थोडे सामने खेळले. आपला संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंचा खांदा दुखत असताना त्यांनी ११४ बळी घेतले. लेस्टरशायर संघाला आपण हरवलं त्या एका सामन्यातच त्यांनी ११ बळी घेतले. इंग्लंडमध्ये विल्फ्रेड ऱ्होड्स नावाचे डावखुरे गोलंदाज होते. त्यांचे प्रथम श्रेणीतले ४२०४ बळी हा आजही जगातला विक्रम आहे. लोक बाळूंना हिंदुस्थानचे ऱ्होड्स म्हणत. बाळूंना प्रथम श्रेणीचे फक्त ३३ सामने खेळायला मिळाले. त्यात त्यांनी १७९ बळी घेतले. प्रत्येक बळीसाठी सरासरी १५ धावा दिल्या. हे आकडे फार चांगले आहेत असं गुरुजी म्हणतात.

पालवणकर घरचे चार भाऊ क्रिकेट खेळले. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. विठ्ठल तर फार मोठे फलंदाज झाले. संघात बाळू सगळ्यात अनुभवी होते, तरी दर वर्षी कर्णधार निवडायची वेळ आली की दुसऱ्याच कोणाचं नाव येई. १९१३ साली एम. डी. पै हे कर्णधार होते. त्यांचा सत्कार झाला तेव्हा त्यांनी भर सभेत सांगितलं की हा मान माझ्या आधी बाळूंना मिळायला पाहिजे होता. मला पै फार आवडले. आपला सत्कार चालू असताना असं बोलणं सोपं नसतं.

१९२० साली तर बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळलं आणि कर्णधारपद दुसऱ्याला दिलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी खेळायला नकार दिला. त्यांनी आपलं कारण लोकांपुढे मांडलं. मग अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार केलं. कर्णधार काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. बस, एवढंच त्यांना मिळालं. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

पण भावांचं भांडणं वाया गेलं नाही. १९२३ साली धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. आपल्या वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी सगळ्यांना खुलं केलं ते १९२८ साली. म्हणजे देवळाच्या आधी पाच वर्षं क्रिकेटमधलं दार उघडलं. आपण पिपरीचे लोक त्या मंदिरावरून किती वेळा जातो, पण ही गोष्ट मला आत्ताच कळली.

नंतर बाळू समाजाच्या कामात पडले. १९३२ साली महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला. त्यावर सही करणाऱ्यांत बाळू होते. १९३७ साली मुंबईत ते काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५. बाळू हरले. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण अस्पृश्यता जावी हे दोघांनाही वाटत होतं. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि तिने अस्पृश्यता बंद केली. तो दिवस बाळूंनी पाहिला. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात फलंदाज चेंडू मारून चार कोपऱ्यांवर पळत जातो. तिथे मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना घेत नसत. त्यांना वेगळ्या संघांत खेळावं लागे. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हे काळे खेळाडू ब्रुकलिनच्या मोठ्या संघातून खेळले आणि ती बंदी मोडली. त्यांच्या शर्टावर ४२ नंबर होता. आता दर १५ एप्रिलला तिथले सगळे खेळाडू ४२ नंबरचा शर्ट घालतात. त्याआधी जोश गिब्सन नावाचे फार मोठे काळे फलंदाज होऊन गेले. ते जानेवारी १९४७ मध्येच वारले. म्हणजे तीन महिन्यांनी जे दार उघडलं ते त्यांना पाहायला मिळालं नाही. पण २०२४ साली अमेरिकेच्या लोकांनी विक्रमांची वही पुन्हा काढली. त्यात काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या सामन्यांचे आकडे मिळवले. तर काय, सगळ्यात वरच्या सरासरीला गिब्सन यांचं नाव आलं!

बाळूंच्या बाबतीत असं करता येत नाही. बळी मोजता येतात, पण जी कप्तानी दिलीच नाही ती मागून वहीत कशी लिहिणार? आणि मातीची भांडी किती फेकली ते तर कोणीच लिहून ठेवलं नाही. म्हणून मला वाटतं की विक्रम पाठ करताना त्या माणसाची गोष्टही पाठ करावी.

आमच्या मैदानात मी आता बाळूंसारखा डाव्या हाताने हळू चेंडू टाकायला शिकतो आहे. दहातले तीन-चार वळतात. बाकीचे कापसाच्या वावरात जातात.

आता सांगा पाहू. उत्तरं वरच्या लेखातच आहेत.

१. बाळूंचा पूना क्लबातला महिन्याचा पगार किती होता?
२. १९०६ चा सामना हिंदू संघाने किती धावांनी जिंकला?
३. भर सभेत बाळूंची बाजू घेणारे कर्णधार कोण?
४. पालवणकर भावांपैकी कर्णधार कोण झाले आणि कोणत्या साली?
५. ४२ नंबरचा शर्ट कोणाचा?

ज्यांना पाचही येतील त्यांनी मधल्या सुट्टीत मला येऊन सांगावं. पालकांनीही सांगितलं तरी चालेल.

इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पिपरी मेघे