वाळलेल्या हातांचे वैद्य : डॉ. पॉल ब्रँड

२०२० साली कोरोनाच्या साथीत आपण हस्तांदोलन सोडले, मंदिराच्या दारात एकमेकांपासून दूर उभे राहिलो. स्पर्शाची जी भीती आपण थोडा काळ भोगली, ती कुष्ठरोग्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली. ती ओलांडणाऱ्या एका शल्यवैद्याचे चरित्र आम्ही थोडक्यात सांगत आहो.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तामिळ मुलखातील कोल्ली डोंगरात, मिशनरी जेसी व एव्हलिन ब्रँड यांच्या पोटी झाला. एकदा तीन कुष्ठरोगी दारी आले. एरवी उघड्या हातांनी जखमा बांधणाऱ्या वडिलांनी त्या दिवशी हातमोजे चढविले. मुलांना तिकडे न फिरकण्याची ताकीद मिळाली. नवव्या वर्षी पॉल शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. १९२९ मध्ये वडील डोंगरातच तापाने वारले. तार आधी पोहोचली. बोटीने निघालेली वडिलांची पत्रे मागाहून येतच राहिली.

पॉल प्रथम सुतारकाम व गवंडीकाम शिकले, मग लंडनमध्ये शल्यवैद्य झाले. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. पुढल्या वर्षी डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपेटचे कुष्ठधाम दाखविले. तेथे त्यांनी एका रोग्याच्या वाकड्या बोटांत आपला हात दिला व जोराने दाबावयास सांगितले. पकड इतकी घट्ट की ब्रँड कळवळले! म्हणजे हात मेला नव्हता. काही स्नायू लुळे पडले होते, काही शाबूत होते. शाबूत स्नायूची कंडरा लुळ्या बोटाकडे वळविली तर? कुष्ठरोग्याचे मांस सडके असते, जखम भरणार नाही, अशी तेव्हा समजूत होती. रुग्णालयात खाट मिळणेही कठीण. इतर रोगी पळून जातील ही धास्ती. तरी ब्रँड यांनी काम आरंभिले. जखमा भरल्या, बोटे उघडू लागली.

पुढे निराळीच अडचण आली. बरा झालेला हात पाहून भीक मिळेना, आणि कामही कोणी देईना. तेव्हा आवारात मातीच्या झोपड्या बांधून ‘नवजीव निलयम्’ उभे राहिले. जुने सुतारकाम येथे उपयोगी पडले. देवाने ती वर्षे वाया जाऊ दिली नाहीत, असे आम्हांस वाटते. बोटे रोगाने आपोआप गळत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, हेही ब्रँड यांनी ताडले. रात्री काहींची बोटे उंदीर कुरतडीत. म्हणून रोग्यांना मांजरे दिली.

एकदा लंडनमध्ये प्रवासाने थकलेल्या व आजारी ब्रँड यांनी टाचेत सुई टोचली, ती कळलीच नाही. रोग आपल्याला लागला अशा समजुतीने रात्र काढली. पत्नी मार्गारेट, मुले, सारे डोळ्यांपुढे आले. सकाळी पुन्हा टोचले, आणि वेदनेने ते ओरडले. दुखण्याबद्दल इतक्या मनापासून देवाचे आभार फार थोड्यांनी मानले असतील.

वेल्लोरजवळ करीगिरी येथे कुष्ठरोग संशोधन व शिक्षणाचे केंद्र वाढले. आपल्याकडे पुण्याजवळ कोंढव्याच्या रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी अशा शस्त्रक्रिया केल्या. मार्क ३ मधील वाळलेल्या हाताचा धडा घेताना शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना बोटे आखडून पेन्सिल धरावयास सांगून पाहावे.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कारव्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले. ८ जुलै २००३ रोजी सिअ‍ॅटल येथे ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.