वाचकांना जगभर फिरवणारा ज्यूल्स व्हर्न एका शहराचा नगरसेवक झाला, त्याची गोष्ट

चंद्राकडे झेपावणारा तोफेचा गोळा, समुद्राच्या पोटात फिरणारी नॉटिलस आणि ऐंशी दिवसांत जगाला चक्कर मारणारा फिलियस फॉग. भा. रा. भागवतांमुळे ज्यूल्स व्हर्नचं हे जग मराठी पोरांच्या हाती आलं.

त्याच्या गोष्टीत आपणही आहोत बरं का. फॉग मुंबईत उतरतो तेव्हा त्याचा नोकर बूट घालून मलबार हिलवरच्या देवळात शिरतो आणि पुजाऱ्यांचा मार खातो. नॉटिलसचा कॅप्टन निमो तर बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो.

पण व्हर्न स्वतः भारतात कधीच आला नाही. आयुष्यातली शेवटची ३४ वर्षं त्याचा मुक्काम उत्तर फ्रान्समधल्या एका शांत शहरात होता. त्या शहराचं नाव आमियाँ.

व्हर्न मूळचा इथला नव्हे. त्याचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ चा, नाँत या बंदराच्या गावातला. वडील वकील. पोरानंही वकील व्हावं म्हणून त्यांनी त्याला पॅरिसला पाठवलं. पोरगं कायदा शिकलं, पण नाटकं लिहीत बसलं.

१८५६ मध्ये एका मित्राच्या लग्नासाठी तो आमियाँला गेला आणि तिथेच स्वतःचं लग्न जमवून आला. ओनोरीन ही नवरीच्या नात्यातली तरुण विधवा, दोन मुलींची आई. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. घर चालवायला व्हर्न पॅरिसच्या शेअर बाजारात काम करू लागला. लिहायचा ते पहाटे उठून.

१८६३ मध्ये फुग्यातून आफ्रिका ओलांडणाऱ्या प्रवाशांवरची त्याची कादंबरी आली. एट्झेल नावाच्या प्रकाशकानं ती छापली आणि व्हर्नचं नशीब पालटलं.

१८७१ मध्ये त्यानं बिऱ्हाड बायकोच्या माहेरी हलवलं. सोम नदीवरचं आमियाँ तेव्हा मखमल आणि कापडासाठी प्रसिद्ध होतं. पॅरिस रेल्वेनं जवळ, पण तिथला गोंगाट इथं नाही. लिहिणाऱ्या माणसाला आणखी काय हवं! फॉगची कादंबरी १८७२ मध्ये वर्तमानपत्रात क्रमशः आली, तेव्हा व्हर्न आमियाँकर झालेला होता.

१८७५ मध्ये त्यानं गावकऱ्यांना एक भाषण वाचून दाखवलं. विषय होता, २००० सालचं आमियाँ. त्या कल्पनेतल्या शहरात पॅरिसमध्ये बसून वाजवलेला पियानो विजेच्या तारांमधून दूरदूरच्या शहरांत ऐकू येतो. माणूस ठणठणीत असेल तोवरच डॉक्टरला फी मिळते. थट्टा होतीच, पण आपलं शहर बदलायला हवं ही कळकळही त्यात होती.

मग आलं १८८६ साल. ९ मार्चला व्हर्न घरी परतत होता. दारात त्याचा पुतण्या गास्तों उभा होता. त्याचं मानसिक संतुलन बिघडलेलं होतं. त्यानं काकावर पिस्तुलातून दोन गोळ्या झाडल्या. एक पायात घुसली आणि ती कधीच निघाली नाही. व्हर्न जन्मभर लंगडत राहिला. आठवड्याभरात एट्झेल गेला. पुढच्या वर्षी आई गेली. ज्या बोटीतून तो भूमध्य समुद्रापर्यंत फिरला होता, ती त्यानं त्याच वर्षाच्या सुरुवातीला विकून टाकली होती. फिरणं संपलं.

असा माणूस घरात कोंडून घेईल असं कुणालाही वाटलं असतं. व्हर्ननं उलटं केलं.

१८८८ मध्ये तो नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. विचारांनी तो जुन्या वळणाचा, पण उभा राहिला प्रजासत्ताकवाद्यांच्या पॅनलमधून. ओळखीच्यांच्या भुवया उंचावल्या. त्याला मात्र पक्षाचं राजकारण नको होतं, शहराची कामं करायची होती. सुमारे १५ वर्षं तो नगरसेवक होता. नाटकगृह, जत्रा, कलाशिक्षण अशा विषयांत त्यानं लक्ष घातलं.

त्याचा सगळ्यात लाडका प्रकल्प म्हणजे सर्कस. तंबूतली नव्हे, तर पक्क्या बांधकामाची. खर्चावरून टीका झाली, पण व्हर्न ठामपणे पाठीशी उभा राहिला. जून १८८९ मध्ये उद्घाटनाचं भाषणही त्यानंच केलं. ती सर्कस आजही चालू आहे आणि तिला व्हर्नचंच नाव आहे.

शेवटी मधुमेहानं शरीर पोखरलं, मोतीबिंदूनं दृष्टी मंदावली. तरी लिहिणं थांबलं नाही. २४ मार्च १९०५ रोजी आमियाँतच तो गेला.

पुढे दोन महायुद्धांनी या शहराला होरपळलं. १९४० च्या बॉम्बफेकीत शहराचा मधला भाग बेचिराख झाला. पण १२२० मध्ये पायाभरणी झालेलं, आतून ४२ मीटर उंच छत असलेलं कॅथेड्रल उभं राहिलं. १९८१ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शहराला लागूनच कालव्यांच्या जाळ्यात वसलेले पाणमळे आहेत. तिथं आजही होडीतून फिरता येतं.

आणि व्हर्न? मनोरा असलेलं त्याचं घर आता संग्रहालय झालंय. वरच्या मजल्यावरची त्याची लिहायची खोली आश्चर्य वाटावं इतकी लहान आहे. विद्यापीठालाही त्याचं नाव दिलंय. ज्या २००० सालाचं स्वप्न त्यानं रंगवलं होतं, नेमक्या त्याच वर्षी त्याच्याशी संबंधित हजारो वस्तूंचा संग्रह शहरानं विकत घेतला.

मादलेन दफनभूमीत त्याच्या थडग्यावर एक शिल्प आहे. दगड फोडून व्हर्न बाहेर येतोय आणि त्याचा हात आकाशाकडे झेपावलाय. जगभर फिरणारी पात्रं त्यानं आपल्याला दिली. स्वतःची उमेद आणि शेवटची वर्षं मात्र त्यानं आमियाँला दिली.