खाणीतल्या मिथेनची आग जाळीत अडवणाऱ्या हम्फ्री डेव्हीनेच 'गॅसच्या बर्फा'चं कोडं सोडवलं होतं

रेल्वेने शिर्डीला जाणारे अनेकजण कोपरगावला उतरतात. याच कोपरगावजवळून गोदावरी वाहते. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावलेली ही नदी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. जाताना सोबत दख्खनची माती आणि पालापाचोळा नेते. कृष्णाही तेच करते. लाखो वर्षांत या दोन नद्यांनी समुद्रात गाळाचे प्रचंड थर रचलेत.

या गाळात हवा पोहोचत नाही. तिथले जिवाणू कुजलेल्या पालापाचोळ्यापासून मिथेन तयार करतात. गोबर गॅसच्या टाकीत जे होतं, साधारण तेच. फरक इतकाच, की खोल समुद्रात थंडी आणि दाब दोन्ही जबरदस्त असतात. त्यामुळे हा मिथेन पाण्याबरोबर गोठून बर्फासारखा दिसणारा एक पदार्थ तयार होतो. त्याला म्हणतात गॅस हायड्रेट. काडी लावली तर पेट घेणारा बर्फ!

२००६ मध्ये जॉइडीस रिझोल्युशन या जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात खोदकाम केलं. तेव्हा सुमारे १,००० मीटर खोल पाण्याखाली, तळाच्या चिखलात जवळपास १३० मीटर जाडीचा हायड्रेट असलेला थर सापडला. आता हा साठा वापरायचा का, आणि वापरायचा तर कसा, हा प्रश्न आहे.

या बर्फाची गोष्ट मात्र २०० वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये सुरू होते. तिचा नायक आहे सर हम्फ्री डेव्ही.

स्वतःवरच प्रयोग करणारा पोरगा

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला असलेल्या पेन्झन्स गावातला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. हम्फ्री १५ वर्षांचा असताना ते वारले. घरात भावंडांमध्ये हाच मोठा. मग तो गावातल्या एका डॉक्टरच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला. औषधं कालवता कालवता रसायनशास्त्राचा नाद लागला. विद्यापीठाची पायरी तो कधी चढलाच नाही.

१७९८ मध्ये ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला काम मिळालं. वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तिथे तपासलं जायचं. डेव्हीने सगळ्यात आधी स्वतःवर प्रयोग केले. नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच लाफिंग गॅस, त्याने भरपूर हुंगला. या वायूने वेदना कमी होतात, तो शस्त्रक्रियेत वापरता येईल, असंही त्याने १८०० साली लिहून ठेवलं. पण डॉक्टरांनी ते मनावर घेईपर्यंत चार दशकं उलटली.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. त्याची व्याख्यानं ऐकायला इतकी गर्दी व्हायची, की बाहेरच्या रस्त्यावर घोडागाड्या अडकून पडायच्या. १८०७ मध्ये त्याने विजेच्या मदतीने पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्यं वेगळी केली. तेव्हा तो तिशीतही पोहोचला नव्हता.

बाटलीतला पिवळसर बर्फ

१८१० मध्ये डेव्हीने एका पिवळसर-हिरव्या वायूला क्लोरीन हे नाव दिलं आणि ते मूलद्रव्य असल्याचं सांगितलं. या क्लोरीनचं एक जुनं कोडं होतं. थंडीच्या दिवसांत क्लोरीनच्या बाटलीत पिवळसर स्फटिक जमायचे. थंडीने क्लोरीनच गोठतो, असा सगळ्यांचा समज होता.

डेव्हीने क्लोरीनमधला ओलावा पूर्ण काढून टाकला आणि तो उणे ४० अंशांपर्यंत थंड केला. काहीच गोठलं नाही. उलट क्लोरीन मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा लवकर गोठलं. म्हणजे ते स्फटिक निव्वळ क्लोरीनचे नव्हते. वायू आणि पाणी मिळून तो बर्फ बनत होता. गॅस हायड्रेटचा इतिहास सहसा इथूनच सांगितला जातो.

पुढे १८२३ मध्ये डेव्हीचाच सहकारी मायकेल फॅरडे याने या बर्फात पाणी आणि क्लोरीन किती प्रमाणात असतं, हे मोजलं. आज आपल्याला माहीत आहे, की पाण्याचे रेणू पिंजऱ्यासारखी रचना करतात आणि वायूचा रेणू त्यात कोंडला जातो. पिंजऱ्यात क्लोरीनऐवजी मिथेन असला, की झाला समुद्रतळाचा हायड्रेट. डेव्हीच्या काळात मात्र ही एक गंमत होती. तिचा उपयोग कोणालाच सुचला नाही.

९२ मृत्यू आणि एक जाळी

त्याच सुमारास मिथेन वेगळ्याच ठिकाणी माणसं मारत होता. कोळशाच्या थरांत तो अडकलेला असतो. खाणीत उजेडासाठी मेणबत्त्या आणि उघडे दिवे वापरायचे. वायू साचला, की ठिणगीसरशी स्फोट. २५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत असाच स्फोट झाला. ९२ जण मेले, त्यात कितीतरी लहान मुलं होती.

डेव्ही तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होता. त्याच वर्षी त्याला 'सर' ही पदवी मिळाली. नंतर फॅरडेला सोबत घेऊन तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. इटलीत पिएत्रामाला इथे जमिनीतून सतत ज्वाळा निघायच्या. तिथला वायू गोळा करून त्याने तपासला, तर तोही मिथेनच निघाला.

१८१५ मध्ये तो परतला, तेव्हा खाणींसाठी काम करणाऱ्या एका समितीने त्याला गाठलं. डेव्ही स्वतः खाणींच्या भागात गेला आणि तिथला वायू लंडनला मागवून प्रयोगाला लागला. त्याच्या लक्षात आलं, की बारीक नळीतून ज्योत पुढे सरकत नाही, कारण धातू तिची उष्णता खेचून घेतो. मग त्याने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. हवा आत जाते, उजेड बाहेर येतो, पण आग जाळीपलीकडे जात नाही. शिवाय मिथेन वाढला, की ज्योतीवर निळसर टोपी दिसते. म्हणजे तोच दिवा धोक्याची सूचनाही देतो. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्न खाणीत त्याची चाचणी झाली.

डेव्हीने या दिव्याचं पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर तो गडगंज झाला असता. पण पुढे रेल्वेच्या इंजिनांमुळे गाजलेल्या जॉर्ज स्टीफन्सनने त्याच काळात स्वतःचा सुरक्षा दिवा बनवला होता. आधी कोणाचा, यावरून मोठा वाद झाला. एका अल्पशिक्षित खाण कामगाराला आपल्यासारखं काही सुचू शकतं, हे डेव्हीला शेवटपर्यंत पटलं नाही. हा त्याच्या स्वभावातला दोष होता.

दिवा आला, तरी स्फोट का थांबले नाहीत?

गोष्टीतला महत्त्वाचा भाग हाच आहे. दिवा आल्यावर मालकांनी काय केलं? धोकादायक म्हणून बंद ठेवलेल्या खाणी पुन्हा उघडल्या आणि माणसं आणखी खोल पाठवली. दिव्याचा उजेड मंद होता. जाळी गंजायची, फाटायची, हवेचा झोत जोरात आला तर ज्योत बाहेरही यायची. खेळत्या हवेची सोय करायला खर्च लागतो, तो टाळून दिव्यावर भार टाकला गेला. स्फोट होतच राहिले.

डेव्ही १८२० मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. १८२४ मध्ये त्याने नौदलासाठी आणखी एक शोध लावला. जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्याने झिजू नयेत, म्हणून त्याला लोखंड किंवा जस्ताचे तुकडे जोडले. झीज थांबली, पण आता पत्र्याला शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव चिकटू लागले. जहाजं मंदावली आणि योजना गुंडाळावी लागली. आज समुद्रातल्या पाइपलाइन गंजू नयेत म्हणून हेच तत्त्व वापरतात. तब्येत ढासळत गेली आणि २९ मे १८२९ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, जिनिव्हात डेव्हीचं निधन झालं.

मग आज याचा काय संबंध?

१९३० च्या दशकात नैसर्गिक वायूच्या पाइपलाइन हायड्रेटमुळे तुंबतात, हे लक्षात आलं आणि डेव्हीची 'गंमत' एकदम कामाचा विषय झाली. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती थांबवण्यासाठी फुटलेल्या जागेवर पोलादी घुमट ठेवला गेला. त्यात हायड्रेट साचला आणि तो प्रयत्न फसला.

एक घनमीटर मिथेन हायड्रेटमधून सुमारे १६० घनमीटर वायू निघतो. म्हणूनच भारत, जपान, चीन त्याच्या मागे आहेत. वायू काढायचा तर दाब कमी करून हा बर्फ वितळवावा लागतो. पण तो वितळला, की तळाचा चिखल सैल होऊ शकतो. आणि मिथेन हवेत सुटला, तर १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. जपान आणि चीनने चाचण्या घेतल्या आहेत, पण व्यावसायिक उत्पादन अजून कुठेच सुरू झालेलं नाही.

ते तंत्र कधीतरी जमेलही. तेव्हा डेव्हीच्या दिव्याचं काय झालं, हे आठवायला हवं. धोका कमी करणारं साधन हातात आलं आणि त्याच्या भरवशावर माणसं जास्त धोक्याच्या जागी उतरवली गेली. त्यामुळे गोदावरीच्या तोंडाशी गोठलेला मिथेन काढण्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात: तळावर लक्ष कोण ठेवणार, आणि काम थांबवायची वेळ आली तर ते थांबवणार कोण.