निर्वासित चित्रकार फेलिक्स नुसबाउम

जर्मनीच्या वायव्य भागात ओस्नाब्रुक नावाचे एक जुने शहर आहे. तेथील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात ११ डिसेंबर १९०४ रोजी फेलिक्स नुसबाउमचा जन्म झाला. त्याचे वडील लोखंडी सामानाचे व्यापारी होते. परंतु चित्रे काढण्याचा त्यांना मोठा छंद होता. मुलाचा ओढा ओळखून त्यांनी त्याला कलाशिक्षणासाठी प्रथम हॅम्बुर्गला व नंतर बर्लिनला पाठविले. लवकरच एक होतकरू चित्रकार म्हणून फेलिक्सचे नाव झाले. १९३२ साली शिष्यवृत्ती मिळवून तो रोमला गेला.

परंतु दैव प्रतिकूल होते. त्याच वर्षी बर्लिनमधील त्याच्या चित्रशाळेस आग लागून सुमारे दीडशे चित्रे भस्मसात झाली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू लोकांना जर्मनीत थारा उरला नाही. फेलिक्स मायदेशी परतला नाही. फेल्का प्लाटेक ही पोलंडमधील चित्रकर्ती त्याच्या सोबत होती. १९३५ मध्ये ती दोघे बेल्जियमच्या आश्रयास आली व १९३७ मध्ये विवाहबद्ध झाली. तेथे राहण्याचा परवाना त्यांना पुनःपुन्हा वाढवून घ्यावा लागे.

१९३९ साली फेलिक्सने 'निर्वासित' हे चित्र रंगविले. एक ओकीबोकी खोली, लांबलचक मेज व त्यावर पृथ्वीचा मोठा गोल. कोपऱ्यात एक मनुष्य दोन्ही हातांत डोके धरून बसला आहे. एवढी विशाल पृथ्वी समोर असूनही त्याला पाय टेकण्यास जागा नाही!

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य बेल्जियमवर चालून आले. तेव्हा बेल्जियमच्या सरकारने जर्मन म्हणून फेलिक्सला अटक केली. ज्यू म्हणून ज्याला जर्मनीने दूर लोटले, तोच आता जर्मन म्हणून बंदिवान झाला. दक्षिण फ्रान्समधील सँ-सिप्रियँ येथील छावणीत, समुद्रकाठच्या तप्त वाळूत, त्याने उपासमार व रोगराई पाहिली. काही महिन्यांनी निसटून तो ब्रसेल्सला पत्नीकडे आला. पण त्या शहरावरही जर्मनांचा अंमल बसला होता.

१९४२ पासून ज्यूंना पिवळी चांदणी कपड्यांवर लावण्याची सक्ती झाली आणि त्यांची धरपकड सुरू झाली. पतिपत्नी लपून राहू लागली. रंगांच्या वासानेसुद्धा सुगावा लागण्याचे भय होते. तरीही फेलिक्सने कुंचला खाली ठेवला नाही. १९४३ मधील आत्मचित्रात तो उंच भिंतींच्या कोपऱ्यात उभा आहे. कोटावर पिवळी चांदणी, हातात ओळखपत्र आणि नजर थेट पाहणाऱ्याकडे. मागे फांद्या छाटलेले एक झाड दिसते. पण भिंतीपलीकडे फुललेली एक फांदीही आहे. एप्रिल १९४४ मध्ये त्याने 'मृत्यूचा विजय' हे चित्र पुरे केले. त्यात सांगाडे वाद्ये वाजवीत आहेत आणि त्यांच्या पायाशी मानवाच्या कला व शास्त्रे यांचे भग्न अवशेष पडले आहेत. आपण नाहीसे झालो तरी आपली चित्रे मरू देऊ नयेत, अशी विनंती करून त्याने ती परिचितांच्या स्वाधीन केली.

२० जून १९४४ रोजी दोघेही पकडली गेली. ३१ जुलैला बेल्जियममधील मेखेलन येथून ऑश्वित्झकडे निघालेल्या शेवटच्या मोठ्या गाडीत त्यांना कोंबण्यात आले. तेथून ती परतली नाहीत. फेलिक्सचे आईवडील व भाऊ हेही नाझींच्या छळास बळी पडले. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांत, ३ सप्टेंबर रोजी, ब्रसेल्स मुक्त झाले.

फेलिक्सची विनंती मात्र व्यर्थ गेली नाही. युद्धानंतर त्याची चित्रे एकेक करून शोधून काढण्यात आली. १९९८ मध्ये ओस्नाब्रुक येथे त्याच्या चित्रांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. ज्या जन्मभूमीने त्याला थारा दिला नाही, तेथेच त्याची चित्रे आता सन्मानाने नांदत आहेत. पृथ्वीच्या गोलापुढे डोके धरून बसलेला त्याचा निर्वासित पाहिला, की घर हरवलेल्या माणसाचे दुःख सांगण्यास शब्दांची गरज उरत नाही.