बायको-मुलाची ताटातूट झाली तरी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची वाट सोडली नाही

गोष्ट १८९३ सालची. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात एक तिशीतला चित्पावन ब्राह्मण बसला होता. समोर होता एक गोरा माणूस. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या, कवितेवरून विषय धर्मावर गेला. उतरताना त्या गोऱ्यानं, म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्यानं, या तरुणाला बायबलचा नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं.

तो तरुण म्हणजे कवी नारायण वामन टिळक. लोकमान्यांशी गल्लत करू नका, हे वेगळे टिळक.

१८६१ साली कोकणात करजगावला त्यांचा जन्म झाला. वडील कडक, आई लवकर गेली. नाशिकला संस्कृत शिकले. स्वभाव असा की एका गावात, एका नोकरीत मन रमायचं नाही. जातिभेदाचा राग मनात होताच. हातातलं पुस्तक वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता त्या काळात याचा अर्थ काय, हे लक्षात घ्या. ब्राह्मण ख्रिस्ती झाला म्हणजे घरच्यांच्या लेखी तो मेलाच. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्यात वाढलेल्या, लग्न झालं तेव्हा जेमतेम अकरा वर्षांच्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या, पंढरपुरात दिवस काढले. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. टिळकांनी धर्म सोडला नाही आणि बायकोवर जबरदस्तीही केली नाही. दुसरं लग्नही केलं नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले.

खरं सांगायचं तर या निर्णयाची जास्त किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. निर्णय टिळकांचा होता, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

चार-पाच वर्षांनी त्या नगरला नवऱ्याकडे आल्या. आधी सोवळं सांभाळूनच. पण हळूहळू विचार करता करता शिवाशिवीचा अर्थच त्यांना कळेनासा झाला आणि १९०० साली राहुरीत त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो दुष्काळाचा काळ होता. या जोडप्यानं अनाथ पोरं घरात आणली. आधीच टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, त्यात हे. घर कसं चालवायचं हा प्रश्न अर्थातच लक्ष्मीबाईंचा.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. अमेरिकन मराठी मिशनचं काम, नगरच्या सेमिनरीत शिकवणं, पुढे 'ज्ञानोदय'चं संपादन. बालकवी ठोमरे याच घरात राहून गेले. एक गोष्ट मात्र टिळकांना सलत होती. चर्चमध्ये साहेबी सुरावटीची भाषांतरित गाणी चालायची. त्यांनी अभंग, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानायचे. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं गातात.

आणि मग १९१७. वय पंचावन्न, मिशनचा पगार सुरू. टिळकांनी तो सोडला. पगारी धर्मोपदेशकाचं लोक ऐकतील कशाला, असा त्यांचा सवाल. ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. मिशनमधल्या अनेकांना हे पचलं नाही. म्हणजे आधी ब्राह्मणांनी दूर लोटलं, आता ख्रिस्ती मंडळीही साशंक.

दरबार नीट उभा राहण्याआधीच ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढे लिहायला घेतलं लक्ष्मीबाईंनी. कधीही शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या याच बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं. टिळकांचं वेड, त्यांचा राग, त्यांचं प्रेम आज आपल्याला कळतं ते त्या पुस्तकातून.