जलरंगातील दिवा : चित्रकार सावळाराम हळदणकर

म्हैसूरची सहल करून आलेल्या आमच्या हुबळीकर मुलांना तेथे काय काय पाहिले असे विचारावे, तर मोठा राजवाडा, चामुंडीची टेकडी आणि वृंदावन उद्यान यांच्या पाठोपाठ जगन्मोहन राजवाड्यातील एका चित्राचा उल्लेख हमखास होतो. हाती दिवा घेऊन उभी असलेली स्त्री, आणि त्या दिव्याचा तिच्या मुखावर पसरलेला उजेड. चित्र कोणाचे, असे पुढे विचारले की मात्र बहुतेकांच्या तोंडी राजा रविवर्मा यांचे नाव येते. मुलांचेच काय, वडील मंडळींचेही उत्तर तेच असते. वस्तुतः रविवर्मा १९०६ साली निवर्तले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमारास रंगविले गेले. रविवर्म्यांची कीर्ती तैलचित्रांवर उभी आहे, तर हे चित्र जलरंगांतील आहे. ते रंगविणारा हात मराठी होता, सावंतवाडीचा होता. त्या चित्रकाराचे नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ रोजी सावंतवाडी येथे झाला. आपल्या देशपांडे नगरातून निघून बेळगाव मागे टाकावे, आंबोलीचा घाट उतरावा, की सावंतवाडी येते. तेव्हा ते एक लहानसे संस्थान होते. लाखेने रंगविलेली लाकडी खेळणी आणि हाताने चितारलेले गंजिफाचे पत्ते यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे; तेथील मुलाला रंगांची ओढ लागावी यात नवल नाही. नवल असलेच तर ती ओढ वेळीच ओळखणाऱ्याचे. शाळेच्या मुख्याध्यापकांनी या मुलाच्या हातातील गुण हेरला, संस्थानाधिपतींनी साहाय्य दिले, आणि १९०३ मध्ये हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. रावबहादुर धुरंधर त्या काळी तेथे शिकवीत असत.

पाचच वर्षांनी, १९०८ मध्ये, हळदणकरांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा उघडली. १९१५ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ब्रिटिश आर्टिस्ट्स या संस्थेच्या प्रदर्शनात त्यांचे चित्र लागले आणि १९१८ मध्ये सहकाऱ्यांसमवेत त्यांनी आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. तैलरंगही ते तितक्याच सहजतेने वापरीत. व्यक्तिचित्रणात तर त्यांचा हातखंडा होता. तथापि आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या जलरंगांविषयी.

जलरंग हे माध्यम मोठे कठोर आहे. तैलरंगात चूक झाली तर ती खरवडता येते, वर दुसरा रंग चढविता येतो. जलरंगात ती सोय नाही. तेथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. एकदा त्यावर रंगाचे पाणी गेले की तो शुभ्रपणा पूर्ववत होत नाही. वरून पांढरा रंग लावून सावरणारे असतात. पण तो कागदासारखा उजळत नाही, खडूसारखा निर्जीव दिसतो.

चित्रकलेच्या तासाला मांजर काढावयास सांगितले की ही गोष्ट लागलीच ध्यानात येते. आपले विद्यार्थी प्रथम काळ्या रंगाने एकेक केस ओढू लागतात, आणि तासाच्या अखेरीस मांजराऐवजी साळिंदर तयार होते! खरी रीत उलट आहे. कागद किंचित ओलावून अंगाची गोलाई फिकट रंगाने पसरून घ्यावी. ती वाळली की बारीक कुंचल्यातील पाणी जवळजवळ निपटून, केस ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने थोडे फटकारे मारावेत. तेही उजेड आणि सावली जेथे मिळतात तेवढ्याच ठिकाणी. नाकाजवळ केस आखूड असतात, मानेवर लांब, हे विसरू नये. मिशांची जागा आरंभापासून कोरी राखावी लागते. आणि मांजर पांढरे असेल तर मांजर रंगवावयाचेच नसते. रंगवावयाची असते ती त्याच्या मागची सतरंजी. कडेचे केस त्या सतरंजीच्या रंगातून आपोआप उमटतात.

हळदणकरांपुढील दिवा म्हणजे हेच कोडे, पण शतपटीने अवघड. उजेड राखावयाचा तर भोवतालचा काळोख गडद हवा. जलरंगात काळोख एका हातात साधत नाही. पातळ थरांवर थर द्यावे लागतात, आणि प्रत्येक नव्या थराबरोबर खालचा थर ढवळण्याची भीती असते. काळोखाचा एक ओघळ उजळ गालावर उतरला असता तर सारे श्रम वाया गेले असते. तो गाल कोणाचा, हेही सांगावयास हवे. चित्रासाठी हाती दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची स्वतःची कन्या गीता. ज्योत तर तिने हाताआड धरलेली आहे. उजेडाचे मूळ आपणांस दिसत नाही. दिसतो तो बोटांतून पाझरलेला तांबूस प्रकाश, मुखावरील सोनेरी झाक आणि वस्त्राच्या चुण्यांत हळूहळू विरत गेलेली सावली. आमच्या मते ज्योत झाकण्यातच चित्रकाराची खरी हिंमत आहे. ज्योत दाखविली असती तर पाहणाऱ्याने डोळ्यांना जे सांगितले ते मानून घेतले असते. ती झाकल्यामुळे उजेड खरा वाटावयाचा तो केवळ कातडीच्या आणि कापडाच्या रंगांवरून.

पुढे हे चित्र 'ग्लो ऑफ होप', म्हणजे आशेचा प्रकाश, या नावाने म्हैसूरच्या संग्रहात विसावले. त्याच्या प्रतिकृती घरोघरी गेल्या. किती भिंतींवर लागल्या असतील याची गणती नाही. चित्र जितके पसरले तितके चित्रकाराचे नाव मात्र मागे पडले. दुसऱ्याच्या नावावर आपले सर्वोत्तम काम जमा व्हावे, हे कलावंताच्या वाट्यास येणारे दुःख काही लहान नव्हे.

हळदणकर १९६८ साली वारले. दिवा धरणारी त्यांची कन्या दीर्घायुषी ठरली. २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापुरास तिने देह ठेवला. तेव्हा वृत्तपत्रांतून तिच्या वार्तेबरोबर पित्याचेही नाव पुन्हा छापून आले. ते चित्र पाहण्याचा योग आला तर तिच्या मुखाकडे सर्वजण पाहतात तसे आपणही पाहावे. पण आधी ज्योतीपुढे धरलेल्या त्या हाताच्या बोटांमधील फटी पाहाव्यात.