बोरघाटाचा इंजिनिअर जेम्स बर्कले आणि आपली ट्रॉली

शेतकरी बंधूंनो, आपल्यापैकी बहुतेकजण कधी ना कधी रेल्वेने मुंबईला गेलेले आहेत. परत येताना कर्जतला गाडी थांबते, आपण वडापाव घेतो आणि तेवढ्यात मागच्या बाजूने एक दणका बसतो. घाट चढवण्यासाठी पाठीमागे जादा इंजिने जोडली जातात, त्याचा तो दणका. कितीही उशीर झालेला असो, ती जोडणी पक्की झाल्याची खात्री केल्याशिवाय गाडी हलत नाही. हा घाटातला रेल्वेमार्ग ज्याने आखला त्या माणसाची माहिती आज देत आहे. शेतीच्या पानावर रेल्वेचा इंजिनिअर कशाला, असे कोणी म्हणेल. पण मावळात आता जवळजवळ प्रत्येक गावात ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, आणि आपले रस्ते चढउताराचे. ओझे मागे जोडून डोंगर चढणे-उतरणे हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी याच डोंगरात एकाने सोडवला, म्हणून त्याचे चरित्र आपल्याही कामाचे आहे.

जेम्स जॉन बर्कले याचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात झाले आणि पुढे रॉबर्ट स्टीफन्सन या नामांकित रेल्वे इंजिनिअरच्या हाताखाली तो कामाला लागला. गुरू मोठा मिळाला, पण शिष्यही कामाला वाघ होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने त्याला मुख्य इंजिनिअर नेमले आणि १८५० च्या फेब्रुवारीत तो मुंबईत उतरला. वय अवघे तीस. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, ती त्याच्याच देखरेखीत बांधलेल्या मार्गावरून. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, बर्कलेचे नाव मात्र फारसे नसते.

ठाण्याची गाडी हे तसे सोपे काम होते. खरी कसोटी सह्याद्रीची. १८५६ मध्ये मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आले. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे ही बाजूही सुरू झाली. म्हणजे वर गाडी, खाली गाडी आणि मध्ये घाट उघडा! प्रवाशांनी खोपोलीला उतरायचे, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. मालाचेही तेच. पाच वर्षे असे चालले. दोन्हीकडे लोखंडी रस्ता तयार असून मधला सांधा नसल्यामुळे त्याचा पुरता उपयोग होईना.

घाटाची पाहणी सोपी नव्हती. कातळ सरळ तुटलेले, पावसाळ्यात चार महिने धुके. घाटाची वाट एका धनगराने साहेबाला दाखवली असे आपल्याकडे परंपरेने सांगतात. त्या शिंग्रोबाचे देऊळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात आहे आणि गाडीवाले आजही तिथे पैसा-नारळ वाहतात. बर्कलेने शेवटी जी आखणी केली ती पायथ्याच्या पळसदरीकडून लोणावळ्यापर्यंत सुमारे पावणेसोळा मैलांची, म्हणजे २५ किलोमीटरची. एवढ्या अंतरात १८३१ फूट चढायचे. सरासरी चढ साधारण ४६ फुटाला १ फूट आणि सर्वात कठीण जागी ३७ ला १. आपल्या पवन मावळातल्या किंवा आंदर मावळातल्या वाड्यांच्या रस्त्यांचा चढ याहून जास्त असतो. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक लगेच घसरते, आणि मागे ओढायचे वजन प्रचंड. म्हणून रेल्वेला हा चढ फार झाला.

काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. २५ बोगदे, ८ मोठे कमानींचे पूल. कातळाला सुरुंगाची भोके पाडण्यासाठी माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडावी लागत. १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजार मजूर घाटात होते. पटकी आणि तापाने त्यातली किती माणसे गेली त्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. पहिला कंत्राटदार फेविएल याने १८५९ मध्ये काम सोडले. दुसरा सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही दिवसांतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट परत न करता जाणत्या इंजिनिअरांना हाताशी धरून ते पुरे करवले. आपल्याकडे कर्ता माणूस गेल्यावर शेती सांभाळणाऱ्या बायका आपण पाहतो, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खंडाळ्याच्या खाली, नागफणीच्या परिसरात, डोंगराच्या सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. तेव्हा बर्कलेने तिथे उलटे फिरवण्याचे स्टेशन काढले. गाडी चढून त्या टोकाला जाऊन थांबायची. इंजिन सोडायचे, दुसऱ्या टोकाला आणून जोडायचे, आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. म्हणजे मागचा डबा पुढे आणि पुढचा मागे. थोडक्यात, ऐन घाटात, खाली दरी असताना, प्रत्येक गाडीची जोडणी सोडून पुन्हा करायची. रोज, पावसात, रात्री, कंदिलाच्या उजेडात. चुकीला जागाच नाही. डबे पक्के थोपवून धरल्याशिवाय इंजिन सोडायचे नाही आणि जोडणी पाहिल्याशिवाय ब्रेक ढिले करायचे नाहीत, याशिवाय तिथे कामच चालले नसते.

मंडळी, आपण ट्रॉली कशी सोडतो ते आठवा. उतारावर, चाकाखाली दगड न लावता, पिन ओढतो आणि मग ट्रॉली हलायला लागली की धावतो. आधी दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने चांगले मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, दांड्याखालचा जॅक टणक जागेवर टेकवा, मातीत रुतत असेल तर खाली फळी घाला, आणि मगच पिनेला हात लावा. दोन चाकी ट्रॉली भरलेली असेल तर आणखी एक पाहा. बैलगाडी उलार झाली की जू वर उचलते हे आपल्या वाडवडिलांना पाठ होते. ट्रॉलीही तशीच उलार होते. मागच्या बाजूला विटा किंवा पोती जास्त पडली की दांडा वर येऊ बघतो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन चिखलात नुसती फिरतात, आणि पिन काढल्याबरोबर दांडा उसळून माणसाच्या हनुवटीत बसतो. वजन आसाच्या थोडे पुढे राहील असे भरा. अगदी पुढेच सगळे लादू नका, नाहीतर ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

जोडताना होणारी सगळ्यात वाईट चूक म्हणजे मदतनीस ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये उभा राहतो, एका हाताने दांडा धरतो आणि ड्रायव्हरला अजून मागे ये म्हणून सांगतो. क्लच सुटला की संपले. बहुतेक वेळा तो मदतनीस घरचाच पोरगा असतो. त्याला बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असे उभे करा. ट्रॅक्टर दांड्याच्या रेषेत आणून थांबवा, गिअर काढा, ब्रेक लॉक करा आणि मगच पिन घालायला माणूस आत जाऊ द्या. दोनदा मागेपुढे करावे लागले तर लागू द्या.

पिनेबद्दल सांगायचे तर आमच्या दौऱ्यात जे दिसते ते पाहून काळजी वाटते. एका गावात भाताचा पेंढा भरलेली ट्रॉली बांधकामाच्या सळईच्या तुकड्यावर जोडलेली पाहिली. पिन हरवली होती म्हणे, तीन आठवड्यांपूर्वी. सळई वाकते, भोकात खेळते, आणि दणके खाऊन वर सरकते. पिन ट्रॅक्टरच्या भोकाला बसणारी, टणक पोलादाची हवी, वर डोके आणि खाली अडकवायला क्लिप हवी. क्लिप नसलेली पिन खड्ड्यातून उडते. भोक घासून लांबट झाले असेल तर लोहाराकडून नुसते वेल्डिंग मारून घेऊ नका, तो भाग बदला. आणि ट्रॉली जोडायची ती ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच. काहीजण ओढ जास्त मिळेल म्हणून वरच्या लिंकच्या जागी साखळी किंवा दांडा अडकवतात. ओढ आसाच्या वर गेली की चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो ड्रायव्हरवर उलटतो. सावरायला वेळ मिळत नाही.

बर्कलेच्या काळातल्या इंग्रजी पद्धतीच्या डब्यांना मधल्या मुख्य कडीशिवाय दोन बाजूंना राखीव साखळ्या असत. मधली कडी तुटली तरी डबा लगेच सुटू नये हा हेतू. आपल्याला ही गोष्ट थोड्या खर्चात करता येते. दांड्याखालून दोन जाड साखळ्या एकमेकींना फुली मारून ट्रॅक्टरच्या चौकटीला अडकवा. वळताना ताण येणार नाही इतकी ढील ठेवा, पण जमिनीला घासणार नाही इतकीच. पिन निसटली तर दांडा या साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतून ट्रॉली उलटत नाही. मागच्या दिव्याची वायर आणि टिपिंगचा पाइप मात्र या साखळीला गुंडाळू नका, वळणावर तुटतात. पाइपची टोके जोडण्याआधी फडक्याने पुसा, धूळ आत गेली की हायड्रॉलिक बिघडते.

चढापेक्षा उतार वाईट, हे घाटाने लवकरच दाखवून दिले. १८६९ च्या जानेवारीत खंडाळ्याहून खाली येणारी गाडी आवरली नाही आणि त्या उलट फिरण्याच्या स्टेशनात न थांबता तशीच पुढे जाऊन मोडली. घाटात अशा बेफाम गाडीसाठी चढावर जाणारे आडरूळ ठेवलेले असतात. आधी गाडीने थांबून दाखवायचे, मग पुढचा रस्ता मिळायचा. थांबली नाही तर ती आपोआप आडरुळावर जाऊन चढामुळे मंद होते. आजही मुंबईकडे उतरणारी गाडी घाटात मध्येच उभी राहते तेव्हा आपण वैतागतो. ती ब्रेकची परीक्षा असते.

ट्रॉलीला असा आडरूळ नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात, सगळे ओझे ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. म्हणून उतार लागण्याच्या आधी, माथ्यावरच, खालचा गिअर टाका. ज्या गिअरमध्ये तो चढ भरल्या ट्रॉलीने चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे महाभाग आहेत. चार थेंबांसाठी ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो. आणि शेतात वळण्यासाठी ब्रेकची दोन पेडले सुटी केलेली असतात, ती रस्त्यावर येताना खटका लावून जोडा. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. सरपंच आणि पोलिस पाटील मंडळींना विनंती, लग्नाचे वऱ्हाड आणि शाळेची पोरे ट्रॉलीत बसवून उताराला नेली जातात ते तुम्ही थांबवा. ट्रॉली मालासाठी आहे, आणि आम्ही कृषी खात्याचे लोक सांगून जे होत नाही ते गावचा माणूस बोलला की होते.

बर्कलेला स्वतःला आपले काम पुरे झालेले दिसले नाही. मुंबईच्या हवेने आणि अकरा वर्षांच्या धावपळीने त्याची तब्येत ढासळली. १८६१ मध्ये तो मायदेशी परतला आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळ सिडनहॅम येथे वारला. वय ४२. त्यानंतर आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबई-पुणे गाडी सलग धावू लागली. सगळेच काम अभंग निघाले असे नाही. घाटातला एक मोठा पूल १८६७ च्या जुलैत, भर पावसाळ्यात कोसळला. त्याचे दगडकाम आतून नीट सांधलेले नव्हते. आखणी मात्र टिकली. १९२९ च्या सुमारास नवे बोगदे पाडून उलट फिरण्याचे स्टेशन वगळले गेले आणि इंजिन सोडून जोडण्याची ती रोजची कसरत थांबली. बाकीच्या पुष्कळ भागात गाडी अजून बर्कलेच्याच वाटेने चढते.

येत्या आठवड्यात भात झोडणीचा माल घरी आणायला ट्रॉल्या बाहेर निघतील. त्याआधी एक सकाळ काढून पिन, क्लिप, हुकाचे भोक, साखळी, चाकांचे नट आणि मागचा लाल दिवा एवढे तपासून घ्या. जादा एक पिन आणि दोन क्लिपा ट्रॅक्टरच्या पेटीत कायम ठेवा, आणि चाकाखाली लावायचे ठोकळे ट्रॉलीलाच दोरीने बांधून ठेवा, म्हणजे ऐन उतारावर दगड शोधायला कोणाला पाठवावे लागणार नाही.